माडाच्या घरी जाणाऱ्या काकू

गेल्या महिन्यात आम्ही मुलुंडच्या आमच्या नव्या इमारतीत राहायला आलो. जुनी चार मजली इमारत पाडून बिल्डरने तिथे उंच टॉवर उभा केलाय. दाराशी दोन्ही बाजूंना ओळीने बॉटल पाम लावलेत. खाली पांढरे गोटे आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी हिरवा दिवा. सामान उतरवताना टेम्पोवाला म्हणाला, "झकास आहे ना मॅडम, एकदम हॉटेल!" मी हो म्हटलं. बरं झालं हे बघायला काकू नाहीत, असा विचार मनात आला आणि मग सामानाकडे लक्षच लागेना.

काकू म्हणजे सुलभा चौधरी. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या दारात राहायच्या. मुलुंडलाच एका औषध कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कंपनी बंद झाली तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती. त्या वयात बायका भजनी मंडळात जातात, काशीयात्रा करतात. काकूंनी माड बघायला हिंडायचं ठरवलं. माड, ताड, शिंदी, वेत, त्या कुळातलं जे जे आपल्या देशात आपल्या आपण उगवतं ते सगळं, आणि तेही ते जिथे उगवतं तिथे जाऊन. इमारतीतली पोरं त्यांना माडवाल्या काकू म्हणायची. एकदा नवीन आलेल्या वॉचमनला वाटलं, या माडी विकतात. त्याने हळूच चौकशीही केली होती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना. मी लग्न होऊन नुकतीच तिथे राहायला आले होते. गणपतीच्या मांडवाला अडतात म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी दारातल्या दोन पामांची हिरवी पानं कापायला माणूस आणला होता. काकू गाऊनवर ओढणी टाकून तरातरा खाली उतरल्या.

"शिंदे, हजामत लावलीय का इथे?"

"काकू, पानंच तर आहेत. परत येतील."

"येतील. पण एका वेळी एक येतं. याला फांद्या नसतात, याला दुसरीकडून फुटता येत नाही. वर एकच कोंब असतो. तो गेला की झाड संपलं. त्याच्या डोक्याशी कोयता घेऊन कोणाला चढवताय तुम्ही?"

शिंदे चाचरले. माणूस खाली उतरला. मांडवच थोडा तिरका बांधायचं ठरलं. मी कौतुकाने म्हटलं, "तुमचं फार प्रेम दिसतंय या झाडांवर." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"छे गं. ही क्युबाकडची. यांना कशाला आणलं इथे देव जाणे. पण आणलंय तर नीट ठेवा ना! तू समोरची नवी सून ना? ये चहाला."

चहाला गेले तेव्हा पहिलं लक्षात आलं ते हे की त्यांच्या गॅलरीत एकसुद्धा कुंडी नव्हती. कपडे वाळत होते, एक जुनी आरामखुर्ची होती, बस्स. झाडांच्या एवढ्या वेड्या बाईकडे एक रोप नाही याचं मला नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "घरी आणून कोणाला ओळखता येतं का? आपण बाहेर कार्यक्रमाला गेलो की कसं बसतो, पदर सावरून. शहरातला माड म्हणजे लग्नाच्या फोटोतला माणूस. घरी गेलीस की तो बनियनवर दिसतो. वाळक्या झावळ्या लोंबतायत, त्यात वटवाघळं, खाली कुत्री झोपलेली. तेव्हा कळतो."

त्यामुळे बागेतला, नर्सरीतला, हॉटेलातला माड त्यांच्या हिशेबात नव्हता. नारळही नव्हता. त्यांचं माहेर केळव्याचं, समुद्राकाठच्या वाडीतलं. "नारळ घरातलाच. त्याला भेटायला जातात का?" असं त्या म्हणत.

हे सगळं सुरू झालं ते दीवला. कंपनीची सहल गेली होती. बाकीच्या बायका किल्ला बघत होत्या आणि काकूंना रस्त्याच्या कडेला एक ताड दिसला, ज्याला फांद्या होत्या. एक खोड वर जाऊन दोन झालेलं, त्या दोनांची पुन्हा चार. तिथे त्याला होका म्हणतात. काकू सांगायच्या, "मेधा, मी तिथे मटकन खाली बसले. जन्मल्यापासून ऐकत आले होते की माडाला फांदी नसते. आमचे दादा वाडीत प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. आणि हा समोर उभा!"

परत आल्यावर त्यांनी वडिलांना, म्हणजे दादांना, सांगितलं. वडिलांचा विश्वास बसेना. फोटो दाखवला तर म्हणाले, दोन झाडं एकमेकांना चिकटून वाढली असतील. तेव्हा काकूंनी ऐंशीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्याला गाडीत घातलं आणि दीवला नेऊन झाडाखाली उभं केलं. दादांनी खोडावर बोटांनी टकटक केलं. गोल फिरून आले. मान वर करून जिथे खोड दुभंगत होतं तिथे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, आपण याला दोष देऊ शकत नाही. फांदी फुटायची नसते हे याला कोणी सांगितलंच नाही."

हा किस्सा सांगून झाला की काकू स्वतःच इतक्या हसायच्या की डोळे पुसायला पदर लागायचा. तो होका म्हणे पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणला असं तिथले लोक सांगतात. त्यावर मात्र काकू हसत नसत. "काही नाही. इथलाच आहे. आपलं काही वेगळं दिसलं की आपल्याला वाटतं बाहेरून आलं."

त्यांची माड बघायची एक रीत होती. झाडापाशी गेलं की आधी बसायचं. तोवर फोटो नाही, दुर्बीण नाही. पिशवीतून डबा काढायचा आणि तिथेच जेवायचं. घावन, लसणाची चटणी, कधी सुका जवळा. जेवून झालं की मग मान वर करायची. बी उचलायचं नाही, पान तोडायचं नाही, काही लिहून ठेवायचं नाही. मी एकदा विचारलं, "काकू, लक्षात कसं राहतं सगळं?" तर म्हणाल्या, "बोर्डावर सगळ्या कंपनीचे आवाज लक्षात राहायचे की. कोणाला सर्दी झालीय ते 'हॅलो'वरून कळायचं. ज्याच्याशी बोललीस तो राहतो लक्षात."

एकट्या फिरायच्या त्या. एसटी, वडापची जीप, चालत. भेर्ली माड बघायला सिंधुदुर्गात गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. भेर्ली माडाची पानं माशाच्या शेपटीसारखी असतात आणि फुलांच्या लांब जटा लोंबतात. तिकडे त्याची माडीही काढतात. काकू एका घरामागच्या रानात दुर्बीण लावून झाडाच्या शेंड्याकडे बघत उभ्या. शेंड्याशी मडकं बांधलेलं. घरात धावपळ सुरू झाली. कोणीतरी मागच्या दाराने कॅन घेऊन पळालं. थोड्या वेळाने एक म्हातारी पुढे आली.

"गो बाये, तू सरकारातली मा?"

"नाही हो आजी. मी माड बघायला आलेय."

"माडाक बघूक? खंयसून इलंस?"

"मुंबईहून."

म्हातारीने दुर्बिणीकडे पाहिलं, पायातल्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं.

"घरात कोण नाय काय गो तुझ्या?"

ही चौकशी आहे की सांत्वन, हे काकूंना कधी उमगलं नाही. पण त्या दिवशी त्यांना तिथेच जेवायला बसवलं, निघताना पिशवीत कोकमं घातली, आणि पळवलेला कॅनही परत आला.

घरात कोण नव्हतं असं नाही. घरात दिगूकाका होते.

दिगंबर चौधरी एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. उंच, बारीक, शर्टाच्या खिशात निवृत्तीनंतरही टोकदार पेन्सिल. काका कधीच काकूंबरोबर जात नसत, कारण त्यांना घाट लागायचा. लहानपणापासून. रेल्वेत ठीक असायचे, पण गाडीने डोंगरातलं वळण घेतलं की काका पांढरे पडत आणि मग जे व्हायचं ते व्हायचं. लग्नानंतर महाबळेश्वरला निघाले होते ते अर्ध्या घाटातून माघारी आले. काकू सांगायच्या, "माझा हनिमून वाईच्या एसटी स्टँडवर झाला." काका शांतपणे म्हणायचे, "मिसळ चांगली होती तिथली."

काकू बाहेरगावी गेल्या की काका घर सांभाळत. स्वयंपाक त्यांना उत्तम यायचा. संध्याकाळी ठरल्या वेळी काकूंचा फोन यायचा, तेव्हा ते आरामखुर्ची गॅलरीत ओढून बसायचे. आमच्या स्वयंपाकघरातून त्यांची बाजू ऐकू यायची. "हं. हं. किती उंच? म्हणजे आपल्या इमारतीएवढा? हं. जेवलीस ना?" एवढंच. फोन ठेवला की खुर्ची पुन्हा जागच्या जागी. माडांमध्ये त्यांना रस होता असं मला कधी वाटलं नाही.

त्या काळात मी एकदाच काकूंबरोबर गेले होते, आंबोलीच्या पलीकडच्या रानात वेत बघायला. वेत माडाच्या कुळातला असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वेत म्हणजे मास्तरांच्या हातातला. काकू पुढे, मी मागे. एका ओढ्यापाशी वेताच्या काटेरी दोऱ्या माझ्या ओढणीत, केसांत, बाहीत अशा काही अडकल्या की मी घाबरून ओढायला लागले आणि आणखीच गुंतले. काकू वळल्या. "ओढू नकोस! उभी राहा. आता एक पाऊल मागे ये." त्या एकेक काटा सोडवत राहिल्या, आणि तोंडाने वेताची तारीफ चालू. कसा चढतो, दुसऱ्याच्या आधाराने किती लांब जातो. माझ्या दंडातून रक्त येत होतं. त्यांनी ते पुसलं आणि म्हणाल्या, "बघ, तुलाही धरून वर जायचं होतं त्याला." मला तेव्हा राग आला होता. आज तो दंडावरचा बारीक पांढरा ओरखडा मी मुद्दाम बघते.

असं करत करत काकूंनी बरेच माड पाहिले. एक राहिला होता. केरळच्या दक्षिणेला, घाटातल्या उभ्या कड्यांवर एक बारीक खोडाचा माड उगवतो. काकू त्याला कड्यावरची सुपारी म्हणायच्या, कारण तो लांबून सुपारीसारखाच दिसतो. त्यासाठी त्या एकदा जाऊन आल्या होत्या. पण गेल्या त्या दिवसापासून निघाल्या त्या दिवसापर्यंत समोरच्या दरीतलं धुकं हललं नाही. परत आल्यावर म्हणाल्या, "घरी गेले होते, पण दार उघडलं नाही." पुन्हा जाऊ म्हणत राहिल्या आणि मध्ये काही वर्षं गेली.

मग एक दिवस मला वाटलं, काकू माझ्यावर रागावल्यात. बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या कानाकडे बघायच्या. जिन्यात भेटल्या तर मी हाक मारेपर्यंत ओळखायच्या नाहीत. मी मनाला लावून घेतलं आणि एक दिवस सरळ विचारलंच.

"काकू, माझं काही चुकलं का?"

"नाही गं. तुझ्याकडे सरळ बघितलं ना, की तू पुसली जातेस. जरा बाजूला बघितलं की येतेस थोडी."

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जात चालला होता. माझं ऑफिस घाटकोपरला, डोळ्यांचे डॉक्टरही तिथलेच, म्हणून त्यांना तपासणीला न्यायचं काम मी मागून घेतलं. डोळ्यात इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही. वाचणं नाही, चेहरे नाहीत, लांबचं बारीक काही नाही.

काकू रिक्षाने घरी आल्या, कपाटातून दुर्बीण काढली, तिचा पट्टा नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिली. "तुला घे. माझं झालं."

काका आत फरसबी चिरत होते. सुरी हातात तशीच घेऊन बाहेर आले.

"काय झालं?"

"काही नाही. बघून झाले सगळे माड."

"सगळे कुठे? ती सुपारी राहिलीय ना."

"राहू दे. आता तिथे जाऊन काय बघू? कडाच दिसायचा नाही मला, त्यावरचं झाड कुठून दिसेल?"

काकांनी सुरी टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेधा, त्या मोबाइलवर रेल्वेची तिकिटं काढता येतात ना? काढ."

"कोणाची?" काकूंनी विचारलं.

"दोघांची. नाही, तिघांची काढ. घाटात मला धरायला कोणीतरी लागेल."

"अहो, वेड लागलंय का? तुम्हाला मरायचंय का त्या घाटात?"

"उलटीने कोणी मरत नाही. तू बघू शकत नाहीस, तर मी बघतो आणि तुला सांगतो." आणि ते पुन्हा फरसबीकडे गेले. काकू भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. डोळ्याच्या कडेने पाठमोऱ्या काकांना बघायचं असेल तर त्यांना आता तसंच बसावं लागायचं.

थंडी संपता संपता आम्ही निघालो. रेल्वेत काका मजेत होते. काकू त्यांना सुपारीची माहिती देत होत्या. "हत्तीला याचा कोवळा कोंब फार आवडतो. खाली उगवला तर ठेवतच नाही. म्हणून हा कड्यावर राहतो, जिथे हत्तीचा पाय पोचत नाही."

"म्हणजे घाबरट आहे."

"शहाणा आहे."

"तेच ते," काका म्हणाले.

गाव सोडून जीप वर चढायला लागली आणि तिसऱ्या-चौथ्या वळणालाच काकांनी हात वर केला. ड्रायव्हर बिजू, पंचविशीचा असेल, त्याने गाडी थांबवली. मग थांबतच गेलो. काकांच्या एका हातात लिंबू, दुसऱ्यात माझा हात. चेहरा कागदासारखा. काकू पुढच्या सीटवर, मागे न वळता विचारायच्या, "बरे आहात ना?" आणि काका म्हणायचे, "देखावा फार सुंदर आहे." एकदा बिजूने घाबरून विचारलं, "अंकल, वापस चलें?" काका तोंड पुसत म्हणाले, "नहीं. आगे."

वर पोचलो तर धुकं. पांढरं, घट्ट, हात लांब केला तर बोटं दिसणार नाहीत असं. दुपारपर्यंत दगडावर बसून राहिलो आणि खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या खोलीत डोकावले तर ते बुटांच्या नाड्या बांधत होते. पुन्हा तोच घाट, तीच वळणं, तेच लिंबू. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही नका येऊ आज. मेधा बघेल ना." काका म्हणाले, "मेधाला खिडकीचा चौकोन काढता येत नाही सरळ." हे खरं होतं.

त्या दिवशी धुकं होतं, पण हलत होतं. पुढे येत होतं, मागे जात होतं. आम्ही डबा उघडला. काकूंची रीत मोडायची नव्हती. काकांनी फक्त पाणी घेतलं. आणि जेवण अर्ध्यावर असताना दरीतून वारा आला आणि समोरचा पडदा बाजूला झाला.

काकांनी माझ्याकडची दुर्बीण घेऊन डोळ्याला लावली.

"काय दिसतंय?" काकू.

"कडा. काळा. उभा. पाण्याचे पांढरे ओघळ आहेत त्यावर."

"मध्ये बघा. भेगांमध्ये."

काका दुर्बिणीचं चाक फिरवत राहिले. मला वाटलं, त्यांना काही सापडत नाहीये. मग ते "अगं," एवढंच म्हणाले.

"अहो, बोला ना!"

"थांब. हात दे." त्यांनी दुर्बीण गळ्यात सोडली, काकूंचा उजवा हात घेतला, तळवा उघडला. "हा कडा. मनगट खाली, बोटं वर. ही भेग इथून सुरू होते आणि अशी तिरकी वर जाते." ते नखाने रेघ ओढत होते. "इथे पहिला आहे. खडकातून आडवा बाहेर आलाय आणि मग वर वळलाय. कोपर वाकवल्यासारखा. त्याच्या वर दोन, जवळजवळ. मग मोकळं. मग इथे, करंगळीच्या खाली, एक पूर्ण रांग."

"खोड किती जाड?"

पुन्हा दुर्बीण. "बारीक. आपल्या गॅलरीतून पावसाचा पाइप जातो ना, तेवढं असेल."

"वळ्या आहेत?"

"असतील. इतक्या लांबून कळत नाही. पण सरळ आहे हं. आणि वर पानांच्या खाली एक हिरवा गुळगुळीत भाग आहे, कपड्याचा पट्टा बांधल्यासारखा."

"पानं हलतायत का?"

"हलतायत. सगळी एका बाजूला. वारा डावीकडून आहे." त्यांनी दुर्बीण थोडी खाली केली. "आणि सुलू, त्या पट्ट्याच्या खाली काहीतरी लोंबतंय. तांबडं. झुपक्यासारखं."

काकूंनी दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला. "तांबडं? नक्की?"

"तांबडं. थोडं जांभळ्याकडे जाणारं. दोन झाडांवर आहे. नाही, तीन."

"फुलोरा आहे तो," काकू म्हणाल्या. "अहो, फुलात आहे तो!" आणि त्या रडायला लागल्या.  काकांनी त्यांचा तळवा तसाच उघडा धरून ठेवला आणि त्यावर एकेक फुलोरा काढत राहिले. मी आणि बिजू जीपकडे जाऊन उभे राहिलो. बिजू तिथलाच, त्याने ते माड शेकडो वेळा पाहिले असतील. तो म्हणाला, "आंटी बहुत खुश है ना?" मी मान हलवली.

धुकं पुन्हा आलं तेव्हा काकांचं सांगून झालं होतं. उतरताना त्यांना चढताना झाला त्यापेक्षा जास्त त्रास झाला. काकू या वेळी मागच्या सीटवर बसल्या होत्या, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन.

त्यानंतर काकाच बदलले. आधी मुलुंडच्या आसपास, मग लांब, कुठे शिंदी आहे, कुठे जुने ताड राहिलेत, याची चौकशी ते करायचे आणि काकूंना घेऊन जायचे. घाट असला तर घाटातूनसुद्धा. वर्णन करताना चुकायचे आणि काकू त्यांना टोकायच्या. "झावळी म्हणू नका ताडाला. पंखा असतो तो." "बरं, पंखा." जिन्यातून खाली जाईपर्यंत त्यांचा वाद ऐकू यायचा.

मग इमारत रिकामी करायची वेळ आली. चौधरी नाहूरला भाड्याच्या घरात गेले, आम्ही कांदिवलीला. येणं-जाणं कमी झालं. काकू पुढच्या वर्षीच्या श्रावणात गेल्या, झोपेतच. काका आता केळव्याला काकूंच्या भावाच्या वाडीत असतात. नव्या टॉवरमधल्या त्यांच्या घराला कुलूप आहे.

मी काकूंना शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या मे महिन्यात. दोघं सकाळीच माझ्याकडे आले आणि म्हणाले, बोरिवलीहून होडीने गोराईला जाऊ, तिथे ताड आहेत. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथे एका ताडाखाली बसलो. काकांनी विचारलं, "हा नर की मादी गं? वर काही कळत नाही." काकूंनी बसल्या जागी हाताने जमीन चाचपली, वाळक्या पानांतून बोटाएवढी एक खडबडीत कांडी उचलली आणि त्यांच्या हातात ठेवली. "नर. ही याच्या फुलाची कांडी." मग म्हणाल्या, "आता जरा गप्प बसा. ऐकू दे." वर पंखे एकमेकांवर आपटत होते, पत्र्यावर खडे पडावेत तसे. त्या कितीतरी वेळ मान वर करून ऐकत राहिल्या.

परतीच्या होडीत त्या मागे, गोराईकडे तोंड करून बसल्या. काका शेजारी. मी पुढच्या फळीवर. संध्याकाळ झाली होती, होडीत मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या दोन कोळणी मोठ्याने बोलत होत्या. होडी सुटली.

"दिसतायत का?" काकूंनी विचारलं.

"दिसतायत. तिवरांच्या वर डोकी आहेत. पाच-सहा. एक जरा वाकलाय."

"आता?"

"दिसतायत अजून. बारीक झालेत. आभाळ मागे केशरी आहे, त्यावर काळे."

"आता?"

"आहेत."

कोळणी बोलायच्या थांबल्या होत्या. होडी धक्क्याजवळ येत होती. मी मागे वळून पाहिलं. गोराईचा किनारा काळोखात गेला होता, तिवरं नाहीत, ताड नाहीत, एक दिवासुद्धा नाही.

"आता हो?"

काकांनी काकूंच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

"दिसतायत," ते म्हणाले.